हरसूलच्या बाजारात सुटलेली सुतळी

सकाळी साडेसातला नाशिक सोडायचं ठरलं होतं. सुटलो साडेनऊला, आणि कारण काय, तर मिसळीच्या ताटलीतले दोन पाव. आमच्या 'रोज एक जोडी' या ग्रुपवर दररोज दोन वस्तूंचा फोटो टाकायचा असतो. दोन किटल्या, दोन कुलपं, दोरीवर वाळणारे दोन टॉवेल, काहीही. आम्ही सगळे हौशी, पण हौसेला नियम फार. फोटोत माणूस नको. जोडी सापडलेली हवी, मांडलेली नको. त्यामुळे ते दोन पाव 'सापडलेले' दिसेपर्यंत डॉक्टर काळे चमच्याने सरकवत बसले. तोवर रश्श्यावर तवंगाची साय धरली. दाताचे डॉक्टर आहेत, घाई त्यांना माहीतच नाही.

ग्रुपचे अ‍ॅडमिन बोरस्ते साहेब. सातपूरच्या एका कारखान्यात तीस वर्षं माल तपासायला होते. निवृत्त झाले तरी नापास करायची सवय गेली नाही. ती आता आमच्यावर चालते. त्यांनी 'मंजूर' लिहिल्याशिवाय आमच्याकडे फोटो हा फोटोच नव्हे.

आणि मी पगारे बाई, प्राथमिक शाळेत शिकवते. आठ महिन्यांत माझा एकही फोटो मंजूर झाला नव्हता. शेरा ठरलेला असायचा, "मॅडम, सगळंच दिसतंय." अहो, फोटोत सगळं दिसू नये तर काय करावं? पण नाही. पुढची वस्तू लख्ख हवी आणि मागची धुक्यात, म्हणजे म्हणे कला. या वेळी काहीही करून मंजूर व्हायचंच, असा पण करूनच मी साहेबांबरोबर डॉक्टरांच्या गाडीत बसले होते. दिवाळीची सुट्टी होती आणि हरसूलचा आठवड्याचा बाजार होता.

गिरणारे मागे पडलं, टोमॅटोची शेतं संपली आणि घाट सुरू झाला. डोंगर हिरवे होते, मध्येच गवत पिवळं पडायला लागलं होतं. असं दृश्य की गाडी थांबवून नुसतं बघत बसावं. आम्ही थांबवली, पण मैलाच्या दोन दगडांसाठी. दोन्ही पाठमोरे सापडले. डोंगराकडे कोणी मान वळवून पाहिलं नाही, कारण डोंगर एकसारखे दोन नव्हते.

बाजार ऐन भरात होता. पाड्यांवरून (डोंगरातल्या छोट्या वस्त्यांवरून) आलेली माणसं, नागलीची (नाचणीची) पोती, सुकी मासळी, पत्र्याच्या पेट्या. मी भत्ता (चुरमुरे, शेव, दाण्यांचं तिखट मिश्रण) घेतला आणि खात खात चपला-बुटांच्या एका दुकानाशी आले. दुकान कसलं, जमिनीवर अंथरलेली ताडपत्री. पण त्यावर जोड्यांचा नुसता पूर! प्रत्येक जोड सुतळीने एकत्र बांधलेला. मालकीण शमीमबी, तिला सगळा बाजार चाची म्हणतो. माझ्याशी दोन मिनिटं गप्पा मारून ती म्हणाली, "टीचर हो ना? जरा दुकान देखना बाई, मैं पानी भरके आती."

शिक्षिकेच्या भरवशावर दुकान टाकून बाई गेली. आणि शिक्षिकेने काय केलं?

तेवढ्यात साहेब आणि डॉक्टर कॅमेरे घेऊन तिथे पोहोचले. साहेब वाकले, कॅमेऱ्यातून बघितलं आणि म्हणाले, "छे! सुतळी मध्ये येतेय." डॉक्टर म्हणाले, "सुटलेली असती तर फ्रेम बनली असती." दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली बसले आणि भराभर गाठी सोडायला लागले. एक नाही, दोन नाही, निम्मी ताडपत्री मोकळी केली. माझ्या डोक्यात तेव्हा फक्त 'मंजूर' होतं, दुसरं काही नव्हतं. मग डॉक्टरांना वाटलं एका जोडातली एक आणि दुसऱ्यातली एक अशी ठेवू, ते जास्त 'सापडलेलं' वाटेल. तेही केलं.

एवढ्यात एक बाई धावतपळत आली. "काळं बूट द्या वो, पाच नंबर. पोरगी एसटीत बसलीय, गाडी सुटंल!" दम खात तिने सांगितलं, की तिची मंदा सातपूरला वायरच्या कंपनीत लागली होती. आजची रात्र मावशीकडे आणि उद्या पहिला दिवस. "चपला चालत नाय म्हणं तिथं."

"चालतच नाहीत," साहेब एकदम ताठ झाले. "आमच्या कारखान्यात चपलावाल्यांना गेटवरून मीच परत पाठवायचो. तुमची कंपनी कोणती, वळणावरची का? माहितीये मला." त्यांनी समोरचे दोन काळे बूट उचलले, स्वतः सुतळी बांधली, पक्की गाठ मारली आणि तिच्या हातात दिले. बाई पळाली.

चाची पाणी घेऊन परतली आणि ताडपत्रीकडे बघत राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती खाली बसून एकेक जोड लावायला लागली. सात आणि आठ नंबर दिसायला सारखे, पट्टे सारखे. डॉक्टर म्हणाले, फोटो बघून जुळवू. तिघांनी कॅमेरे उघडले. दीडशे फोटो! प्रत्येकात एक अंगठा लख्ख आणि बाकी सगळं धुकं. चाचीने डोकावलं. "इतने बडे कॅमेरे, और एक में भी दोनों पाँव नहीं दिखते?"

तासाभराने सगळं जुळलं. उरले दोन काळे बूट, पाच नंबरचे. दोन्ही उजव्या पायाचे.

साहेबांचा चेहरा पडला. मंदाच्या पिशवीत दोन डावे गेले होते आणि एसटी केव्हाच सुटली होती. तिची आई मीठमिरची घेत बाजारातच होती, तिला गाठून सांगितलं. ती कपाळावर हात मारून म्हणाली, "अवं, आठ तास उभं ऱ्हायचं काम हाय तिचं! आन फोन एकच, तो माझ्याकडं हाय." मावशीचं घर? "कंपनीच्या अलीकडं, लांब नाय." म्हणजे अख्खं सातपूर शोधा.

परतीच्या घाटात सूर्य मावळत होता. कोणी गाडी थांबवा म्हणालं नाही. एक उजवा बूट माझ्या मांडीवर होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला साहेब आणि मी त्या गेटवर उभे. बसेस आल्या, मोटारसायकली आल्या, डबे हलवत माणसांची रांग लागली. आम्ही दोघं सगळ्यांचे पाय न्याहाळत होतो. रखवालदाराला आमचा संशय आला तर नवल नव्हतं. भोंगा व्हायच्या बेतात होता तेव्हा एक मुलगी लंगडत आली. दोन्ही बुटांची टोकं एकाच बाजूला वळलेली.

"मंदा!" मी हाक मारली. बूट दाखवला, कोण कुठले ते सांगितलं. साहेब सरळ डांबरावर बसले आणि तिच्या बुटाची नाडी सोडायला लागले. पायाची करंगळी सोलून निघाली होती.

"काल रातीच कळलं व्हतं," ती म्हणाली. "पण दुसरं काय घालणार?" मग उजवा बूट घालून दोनदा पाय आपटून तिने आम्हाला विचारलं, "आईनं धाडलं का तुमाला? आन तुमी काय काम करता?"

"जोडीचे फोटो काढतो," साहेब कसेबसे म्हणाले.

"मंग डावा-उजवा बघत नाय का?"

टोमणा नव्हता तो. पोरीने साधं विचारलं होतं. भोंगा झाला आणि ती आत पळाली. साहेब तिचा डावा बूट हातात धरून तसेच बसून राहिले, मीच त्यांना उठवलं.

पुढच्या बाजाराला मी एकटी एसटीने हरसूलला गेले. खिडकीतून डोंगर पोटभर पाहिले. चाचीने डावा घेतला, तिच्याकडचा उजवा काढला, सुतळीने आवळून दुहेरी गाठ मारली आणि म्हणाली, "अब निकालो फोटो." मी मोबाइलवरच काढला. दोन्ही बूट, मधोमध सुतळी, सगळंच दिसतंय.

घरी येऊन ग्रुपवर टाकला. मग साहेबांचा संदेश आला, "मंजूर. सुतळीसकट."

खरं सांगते, आनंद झाला मला, आणि लगेच त्या आनंदाची लाजही वाटली. फोटोत सगळं दिसत होतं, फक्त मंदाची सोललेली करंगळी दिसत नव्हती.