बॉनेटवरचे गोल ओरखडे
तेलात कालवलेल्या शेंदराचा वास आला की सौंसर गावातल्या घरासमोर उभी असलेली आमची पहिली गाडी आठवते. तिची धूळ पाण्यानं भिजवल्याशिवाय मी फडकं लावत नसे. साबणाची बादली वेगळी, फडकं खंगाळायची वेगळी, आणि धुणं टपापासून खाली. तरीही बॉनेटवर, आई दर शनिवारी लावायची त्या टिळ्याभोवती, बारीक गोल ओरखडे दिसू लागले. माझा संशय थेट शेजारच्या काकांवर गेला, कारण बाजारातून आले की ते पिशवी आमच्या बॉनेटवर टेकवून स्वतःचं कुलूप उघडत. विचारलं तर भडकलेच, "मी काऊन हात लावू तुह्या गाडीले?" ते इतके भडकले म्हणून तर माझी खात्रीच पटली. शनिवारी सकाळी मी पडद्याआड पाळत ठेवून बसलो. काका काही आले नाहीत. आई आली, आंघोळ करून, एका हातात जामसांवलीच्या देवळातून आणलेल्या शेंदराची वाटी आणि दुसऱ्यात नारळाची शेंडी. मागच्या शनिवारचा टिळा तिनं त्या शेंडीनं कढई घासावी तसा खसाखसा घासला. मी ओरडत बाहेर धावलो. "असा काय पाहून राहिला? शिळ्या शेंदरावर ताजा लावत नाही. तुह्या त्या मऊ फडक्यानं निघते का हा?" असं म्हणत तिनं टिळा लावला आणि गाडीला काही होऊ नये म्हणून हात जोडले. आता आई नाही. नवी गाडीही मी तशीच धुतो. बॉनेटवर शोधूनही ओरखडा सापडत नाही, आणि शनिवारी सकाळी तर मी शोधतोच.