चेनीच्या आतलं नाव

दौंडच्या रेल्वे कॉलनीत आमच्या घरी शनिवार हा पितळेचा दिवस. बाबा मालगाडीवर गार्ड होते. त्यांच्या कोटाची बटणं, बिल्ला, हातातला दिवा, शिट्टी, सगळं घेऊन आई अंगणात पोतं अंथरून बसायची. चिंच, विटेची पूड आणि जुना ब्रश. रविवारी चर्चमध्ये बाबा उभे राहिले की बटणं लखलखली पाहिजेत, हा तिचा हट्ट. पिवळं दिसेल ते तिच्या तावडीतून सुटत नसे. बाबांच्या मनगटी घड्याळाची सोन्याची चेनही त्याच चिंचेत पडायची.

ते घड्याळ विलायती. देश सोडून जाताना एका गोऱ्या साहेबानं बाबांना दिलेलं. चेन भारी कंपनीची आहे, चापाच्या आत बारीक अक्षरांत नाव आणि नंबर कोरलाय, असं बाबा आल्यागेल्याला सांगायचे. ऐकणारा कंटाळला तरी सांगायचे. दादा रेल्वेच्या इंजिनावर फायरमन म्हणून लागला त्या दिवशी त्यांनी घड्याळ स्वतःच्या हातातून काढून त्याच्या हातात घातलं. ते कुणासमोर कधी रडले नाहीत, पण त्या दिवशी उगाचच दोनदा नाक शिंकरलं.

पुढं दादानं शिरूरजवळच्या निमोण्याची मुलगी केली. हिंदू शेतकऱ्याची, फुलांचा मळा असलेल्या घरातली. बाबांनी त्याला घराबाहेर काढलं आणि त्याचं नाव घरात काढायचं नाही, असं आम्हाला बजावलं. दादाही त्यांचाच मुलगा. गेला तो गेलाच. कुठंशी गिरणीत लागलाय एवढंच उडत उडत कानावर आलं. मला त्याचा फार राग यायचा. भांडण बापलेकाचं, मला एक पोस्टकार्ड टाकायला याचे हात मोडले होते का? पण फाटक वाजलं की सगळ्यांत आधी मीच बाहेर डोकवायचे.

अशी सहा वर्षं गेली. मी शिरूरला मिशनच्या शाळेत शिकवत होते. एकदा माझं घड्याळ बंद पडलं म्हणून बाजारातल्या घड्याळजीकडं गेले, तर त्याच्या काचेच्या पेटीत ती चेन. घड्याळ नाही, नुसती चेन. दादाच्या हातातली. ही कुणाची म्हणून मी विचारलं, ते शक्य तितक्या सहज.

घड्याळजी बोलका होता. पंधरा दिवसांमागं एक माणूस आला होता म्हणाला, निमोण्याला सासुरवाडीच्या लग्नाला आलेला. घड्याळ केव्हाच बिघडून गेलं होतं, चेन विकायची होती. घड्याळजीनं भिंग लावून पाहिलं. आत नाव नाही, नंबर नाही, कड्यांच्या कडाही गोल झालेल्या. त्या कंपनीच्या चेनीवर छाप असतेच असते. ही कुणा सोनारानं केलेली नक्कल आहे, नुसत्या सोन्याचा भाव मिळेल, असं त्यानं स्पष्ट सांगितलं.

"माझ्या वडलांनी दिलीय," तो माणूस म्हणाला होता. "ते खोटं देणार न्हाईत. परत बघा."

घड्याळजीनं पुन्हा पाहिलं आणि पुन्हा तेच सांगितलं.  मग, खोटी असेल तर मला नको, असं तो माणूस म्हणाला आणि सोन्याचे पैसेही न घेता उठून गेला. बोलावूनही परतला नाही. तेव्हापासून घड्याळजीनं चेन तशीच ठेवली होती, कधी तरी येईल म्हणून.

पुढच्या रविवारी मी आईला एसटीनं शिरूरला आणलं. बाबांना काही सांगितलं नाही. आईनं चेन तळहातावर घेतली, उलटी केली आणि चाप उघडला. आत गुळगुळीत. 

"नाव व्हतं, भाऊ," ती घड्याळजीला म्हणाली. "म्या घासलं. दर शनिवारी, बटनांसंगं."

घड्याळजीनं चेन उजेडाला नेली. चापाच्या बिजागरीखाली ब्रश पोचत नाही, तिथं तो सुईनं मळ काढून बघत बसला. अर्धं अक्षर होतं आणि शेवटचे दोन आकडे. त्यानं भिंग काढलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "बाई, चेन खरी हाय. मी त्या माणसाला चुकीचं सांगितलं."

त्यानं चेन आईच्या हवाली केली. घरी येऊन तिनं चेन बाबांपुढं ठेवली आणि सहा वर्षांत पहिल्यांदा दादाचं नाव घेऊन सगळं सांगितलं. आता भडकतात, म्हणून मी दाराशी उभी राहिले. बाबांनी फक्त एवढंच विचारलं, "म्हंजी म्या त्याला खोटं दिलं, आसं समजून गेला का त्यो?"

दुसऱ्या दिवशी ते गार्डाचा कोट घालून निमोण्याला निघाले. मी सोबत गेले. ज्या घराचं नाव घेतलं की ते चवताळायचे, त्या घराच्या ओट्यावर ते अवघडून बसले. जोडपं परत गेलं होतं. खोली बदललीय, नवा पत्ता ठाऊक नाही, तिकडून पत्र येईल तेव्हा कळेल, असं मुलीच्या वडलांनी सांगितलं. चहा आला. बाबांनी तो घेतला. मग म्हणाले, "पत्र आलं की येवढं कळवा. चेन खरी हाय. त्याच्या आईनं घासली म्हणून नाव गेलं. न्यायला ये म्हणावं."

त्याच पावसाळ्यात मुलीचे वडील वारले. मी त्यांच्या घरच्यांना दोनदा लिहिलं, एकदा जाऊनही आले. तिकडून आम्हाला पत्रच नाही, असं म्हणाले. हे मी बाबांना सांगितलं नाही. त्यांना खोटं ताबडतोब कळायचं, म्हणून विषयच टाळत राहिले. ते रिटायर झाले. चेन सदऱ्याच्या आतल्या खिशात असायची. संध्याकाळी स्टेशनवर जाऊन बसायचे, आणि आई जेवायला थांबायची. आम्ही तिघंही एकाच माणसाची वाट बघत होतो, पण एकमेकांशी त्याबद्दल कधी बोललो नाही. दादा, तुझी किती आठवण यायची रे.

शेवटच्या आजारात बाबांनी एका दुपारी माझा हात धरून विचारलं, "निरोप पोचला का?"

"पोचला," मी म्हणाले.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, मला ठाऊकच होतं."

बाबांनी डोळे मिटले. त्यांचा चेहरा इतका निवळला की मला माझ्या खोट्याची लाजही वाटली नाही. झोप लागली असं समजून मी हात सोडवायला लागले.

"मग न्यायला कवा येतोय?" बाबांनी विचारलं.