संपतची मिशी आणि काळा पडदा

भोकरदनमध्ये बाकीचे मेकॅनिक सहा महिन्यांची गॅरंटी देतात, संपत मिशीची देतो. "न्हाई चालू झालं तर मिशी उतरवीन," असं म्हटल्याशिवाय त्याचा पेचकस खिशातून बाहेर येत नाही. बाप पाण्याच्या मोटारी भरायचा, म्हणजे जळालेली तार काढून नवी गुंडाळायचा. संपतही तेच शिकला. कॉम्प्युटर आले तेव्हा म्हणाला, "ही बी मोटारच हाय, फक्त पाणी येत न्हाई." तेव्हापासून तो दोन्ही उघडतो, आणि उघडल्यावर आधी वास घेतो.

परवा माझ्या शेजारच्या पानबाईंनी त्याला बोलावलं; मीही तिथंच होते. गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे त्यांना संभाजीनगरला जाता येईना आणि पाच वाजता तिथं त्यांच्या नातीच्या, नेहलच्या, बाळाचं बारसं होतं. बारसं कॉम्प्युटरवर बघायचं म्हणून गल्लीतल्या सगळ्या बायका आमंत्रित. आणि दुपारी बटन दाबलं तर कॉम्प्युटरचा डबा घरघरतोय, पंखा फिरतोय, पडदा मात्र काळाकुट्ट.

संपतनं डब्याला नाक लावलं.

"जळका वास न्हाई. दहा मिंटाचं काम हाय, बाई. न्हाई चालू झालं तर आजच उतरवीन मिशी."

दारात समोरचा सर्जेराव न्हावी उभा होता. संपतच्या मिशीवर त्याचा बारा वर्षांपासून डोळा. तो लगेच दुकानात गेला आणि वस्तरा, वाटी, ब्रश घेऊन पानबाईंच्या ओट्यावर येऊन बसला.

संपतनं डबा उघडला. आतली मेमरीची पट्टी काढली, शाळेतल्या खोडरबरानं घासली, परत बसवली. पडदा काळा. दुकानातून धूळ उडवायचा ब्लोअर आणून मारला. सगळी धूळ पानबाईंच्या पेढ्यांवर. पडदा काळा. वायरी काढून घातल्या. काळाच.

"किती वाजले?" सर्जेरावनं बाहेरून विचारलं.

"तू गप ना! मी बराबर चेक करून राह्यलो."

"कर, कर. मी नुसतं पाणी कोमट करून राह्यलो."

मला राहवेना. मी म्हटलं, "अरे संपत, पडद्याला एकदा तरी हात लाव. तासभर डब्यातच घुसून बसलास."

"पडद्याला कसा लावू, बाई? त्याच्यावर शुभ-लाभ हाय. माझे हात बघा, ग्रीसचे."

खरंच होतं. पडद्याच्या खालच्या दोन कोपऱ्यांत लाल-सोनेरी स्टिकर. डावीकडे शुभ, उजवीकडे लाभ.

"हे कधी लावलं, पानबाई?"

"आज सकाळीच. बाळ दिसणार ना त्याच्यात! अंगठ्यानं चांगलं दाबून लावलं, निघायला नको."

पावणेपाच झाले. बायका यायला लागल्या. सर्जेराव आत आला, संपतच्या खांद्यावर टॉवेल टाकला आणि मिशीच्या डाव्या बाजूला फेस लावलासुद्धा. संपत बिचारा शब्दाचा पक्का. डोळे मिटून ताठ बसला.

मी पुढे झाले आणि लाभ उचकटला.

"अगं बाई, अपशकून!" पानबाई ओरडल्या.

"दुसरा लावा," मी म्हटलं. त्याच्याखाली पडद्याचं बटन होतं, सकाळी पानबाईंच्या अंगठ्यानं दाबून बंद झालेलं. दाबलं. लख्ख उजेड पडला.

पाचला व्हिडिओ कॉल लागला. नेहलच्या सासरच्या पन्नास माणसांना आमच्याकडचं पहिलं दर्शन घडलं ते फेस लावलेल्या संपतचं. संपतनं डोळे उघडले आणि हात जोडले.

"हे कोण?" नेहलच्या सासूबाईंनी विचारलं.

"आमचे इंजिनिअर," पानबाई म्हणाल्या.

बाळाचं नाव काय ठेवलं ते कुणालाच ऐकू आलं नाही. इकडे भांडण जुंपलं होतं.

"चालू झालं ना? मंग मिशी माझी!" संपत म्हणाला.

"तू कुठं केलं? बाईंनी केलं!"

"मी म्हन्लो, चालू न्हाई *झालं* तर. कुनी केलं ते म्हन्लोच न्हाई!"

शेवटी पानबाईंनी काठी आपटली. "बारशाच्या दिवशी माझ्या घरात हजामत होणार नाही. उद्या बघा."

उद्या उजाडला तेव्हा संपत तीर्थपुरीला बहिणीकडे गेला होता. आठ दिवसांनी परतला तो मिशी आणखी दोन बोटं वाढवून. येताना सर्जेरावसाठी पेढे आणले. सर्जेरावनं आधी ते फुंकून, धूळ नाही हे बघितलं आणि मगच खाल्ले. फेसाची वाटी मात्र त्यानं अजून दुकानाच्या खिडकीतच ठेवलीय.