मोतमावलीची कॅसेट

पिंपरीतल्या त्या कामगार चाळीला दोन भोंगे होते. एक कंपनीचा, दुसरा फिलोमिनाबाईंचा. बाई मूळच्या वसईच्या, कंपनीच्या दवाखान्यात नर्स. नळावर कुणी त्यांची बादली मागं सरकवली की हा भोंगा असा वाजायचा की रातपाळी करून झोपलेली माणसं उठून बसायची. आणि तो सगळ्यात जास्त वाजायचा शेजारच्या कस्तुरावर. कस्तुरा तरी काय कमी होती? कंपनीच्या कँटीनमध्ये चपात्या लाटून तिचे हात जसे चालायचे, तशीच जीभ. दोघींनी कडाकडा भांडायचं आणि एकीला ताप आला की दुसरीनं पेज घेऊन जायचं, असं वर्षानुवर्षं चाललेलं.

आणि आता त्या आवाजावरच बेतलं होतं. बाईंच्या गळ्याला गाठ आली. डॉक्टर म्हणाले, काढावीच लागेल, पण आवाज राहील की जाईल ते आत्ता सांगता येत नाही. बाईंना मात्र काळजी दुसरीच.

"माझा एक नवस राहिलाय, कस्तुरा. तुझ्या जयसिंगचा हात कंपनीच्या प्रेस मशीनमध्ये सापडला होता ना, तेव्हा मी मोतमावलीला बोलले होते. हात वाचला तर मेणाचा हात वाहीन म्हणून."

"मौतमावली? अगं बया! जिच्या नावातच मौत, तिच्या हवाली केलात माझा नवरा?"

"मौत नव्हे गं येडे, मोत! मोती म्हणतात ना, तसं. वांद्र्याच्या टेकडीवरची आमची मारियामाय. माझ्या गळ्याला सुरी लागायच्या आत तो नवस फिटायला हवा. मला डॉक्टर हलू देत नाहीत. तू जा."

आता आली का पंचाईत! कस्तुराचं घर बौद्ध. सासऱ्यांनी धम्म घेतला त्या दिवशी नवस, कौल, अंगारे सगळे उंबऱ्याबाहेर गेले होते. पण खरं सांगायचं तर भीती वेगळीच होती. लहानपणी गावच्या देवळाच्या पायरीवरून बापाला हाकललेलं तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. तेव्हापासून कुठल्याही देवाची पायरी दिसली की तिचे पाय आखडायचे. एवढं जुनं, मोठं चर्च. आत कुठं उभं राहायचं? कुणी विचारलं तर काय सांगायचं?

बाईंनी तोड काढली. बाजारात रेडिओ दुरुस्त करणाऱ्या अन्वरभाईंचा टेपरेकॉर्डर मागवून घेतला आणि दुखऱ्या गळ्यानं सगळी वाट त्यात बोलून ठेवली. अन्वरभाईंनी कस्तुराला बटणं दाखवली. "ये दबाया तो बोलेगा, ये दबाया तो चूप. बस्स!"

ऑपरेशन गुरुवारी ठरलं. गुरुवार म्हणजे कंपनीची सुट्टी. जयसिंग दवाखान्यात बाईंजवळ थांबला आणि कस्तुरा पहाटेची गाडी धरून निघाली. टेकडीवर पोचल्यावर तिनं दुकानातून मेणाचा हात घेतला, टेपरेकॉर्डर काखेत धरला आणि बटण दाबलं.

"पोचलीस? आता पायऱ्या चढ. आणि चपला काढू नकोस, इथं कुणी काढत नाही."

कस्तुरानं चपला काढून हातात घेतलेल्याच होत्या. जीभ चावून तिनं त्या परत घातल्या. दारात तिचे पाय नेहमीसारखे आखडले. तेवढ्यात काखेतला भोंगा बोलला, "थांबलीस ना दारात? मला माहीत होतं. शिर आत. तू कोण, कुठली, कुणी विचारणार नाही. आणि विचारलंच तर म्हणावं, फिलोमिनाची बहीण."

ती आत शिरली. कुणी विचारलं नाही. बाकावरची एक म्हातारी उलट सरकून बसली आणि तिला जागा करून दिली. एवढंच. पण कस्तुराच्या छातीवरची धोंड कुठल्या कुठं गेली. आपला बाप हे बघायला हवा होता, असं तिला वाटलं आणि डोळे भरून आले.

मग बाई सांगत गेल्या आणि ती बघत गेली. भिंतींवरची चित्रं, उंचावर बाळाला घेऊन उभी असलेली माय, खाली मेणबत्त्यांची रांग. सांगितलं तिथं तिनं मेणाचा हात वाहिला. आवाज म्हणाला, "झालं. आता बाजू बदल, कस्तुरा."

कस्तुरा उठली आणि डावीकडच्या बाकावरून उजवीकडच्या बाकावर जाऊन बसली. टेपरेकॉर्डर कानाला लावला. नुसती खरखर. बटण दाबून पाहिलं, पुन्हा दाबलं. बाईंचा आवाज काही येईना. खट्ट झालं आणि खरखरही बंद पडली.

याच घटकेला तिकडं पिंपरीत बाईंच्या गळ्यावर सुरी चालली असणार. आवाज गेला! शकुन-अपशकुनाला हसणारी कस्तुरा, पण त्या बाकावर तिला हसू कसलं येतंय? मौत, मौत असा तोच एक शब्द डोक्यात घुमायला लागला. तिनं वर मायकडं पाहिलं, ओठ हलवले आणि पळत सुटली. टेकडी कशी उतरली, गाडी कशी धरली, काही ठाऊक नाही.

दवाखान्याच्या दारात जयसिंग उभा होता. "आवाज?" तिनं लांबूनच विचारलं. त्यानं तो वाचलेला हात हलवून तिला आत पिटाळलं. "तूच जाऊन ऐक की!"

बाई पट्टी बांधून पडल्या होत्या. कस्तुराला बघून घोगऱ्या आवाजात पुटपुटल्या, "बाजू... बदललीस ना?"

"बदलली की! ह्या बाकावरून त्या बाकावर गेले. तुम्ही एक अक्षर बोलला नाहीत!"

"कॅसेटची बाजू गं, येडे! कॅसेटची!"

कस्तुरा मटकन खाली बसली आणि हसता हसता रडायला लागली. जयसिंगनं कॅसेट काढून उलटी घातली. बाईंचा जुना, खणखणीत आवाज खोलीभर झाला. "नवस फिटला, कस्तुरा. आता माझ्यासाठी काही मागू नकोस. तुझ्या घरात ते चालत नाही, मला माहीत आहे. नुसती बस जरा, समुद्राचा वारा खा आणि घरी ये."

कस्तुरानं मान खाली घातली. "उशीर झाला, बाई. मी मागून बसले."

"काय मागितलंस?"

"तुमचा आवाज."

"आणि वाहणार काय?"

"दुकानात हात होते, पाय होते, डोकी होती. गळा काही कुठं दिसला नव्हता. म्हणून मायला म्हटलं, तिलाच घेऊन येते. तुझ्या पायऱ्यांवर उभी करते आणि माझ्याशी भांडायला लावते."

बाईंनी नुसता कस्तुराचा हात धरला. कस्तुराला आता त्या गप्प बसण्याची भीती वाटली नाही. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि सकाळपासून पोटात काही नाही, हे तिला आत्ता आठवलं.