भाकरीवरचा कार्बन

विज्ञान शिकवण्यात सोलापुरात माझ्या तोडीचा माणूस नाही. हे मीच सांगतो, कारण दुसरं कुणी सांगत नाही. मी इथं वर्गात तोंड उघडलं की तिकडं पार दुधनी गावातल्या पोरांच्या शंका फिटतात. आणि माझी स्वतःची नववीतली लेक मला सोडून समोरच्या गल्लीतल्या नव्या सरांच्या क्लासला जायला लागली. जेवताना रोज तेच. "बाबा, सरांनी समस्थानिकं शर्टाच्या बटणांनी दाखवली. लई सोपं केलं." माझ्या घशात घास नाही, अख्खा उंट अडकायचा.

एका रविवारी त्या सरांना चहाला बोलावलं. लेकीसमोरच त्यांची बटणं तोडायची होती. दोन कडक भाकऱ्या घेतल्या, बैलगाडीच्या चाकाएवढ्या. मधोमध गुळाच्या पाकानं अणुकेंद्र चिकटवायचं. फुटाणे म्हणजे प्रोटॉन, शेंगदाणे म्हणजे न्यूट्रॉन, कडेनं मोहरीचे सहा इलेक्ट्रॉन. पहिलीवर सहा फुटाणे, सहा दाणे, झाला कार्बन-बारा. दुसरीवर फुटाणे सहाच, दाणे आठ, म्हणजे कार्बन-चौदा. प्रोटॉन तेवढेच म्हणून मूलद्रव्य तेच. न्यूट्रॉन वाढले म्हणून नुसता जड.

पण चिकटवता चिकटवता मी दाणे तोंडात टाकत होतो. दुसऱ्या भाकरीला सहाच उरले आणि सर दारात. चौदा तर भरायला हवेत, म्हणून घाईत दोन फुटाणे जादा लावले.

भाषण असं ठोकलं की पंखा थांबून ऐकत होता. लेक मात्र बोट ठेवून मोजत होती.

"बाबा, हे आठ प्रोटॉन आहेत की. हा ऑक्सिजन झाला."

सर हसले असते तर मी त्यांना माफ केलं असतं. त्यांनी दोन फुटाणे अलगद उचलून तोंडात टाकले. "घ्या सर, आता हाही कार्बन-बारा. पाक झकास जमलाय."

लेक खळखळून हसली. माझ्या विनोदावर ती तिसरीनंतर अशी हसलेली नाही.

मी खिसा चाचपला. नंतर खायला म्हणून ठेवलेले आणि विसरलेले दोन दाणे निघाले. दुसऱ्या भाकरीवर चिकटवले.

"आता चौदा," लेक म्हणाली, आणि तिनं सरांकडं नाही, माझ्याकडं बघितलं.

क्लास तिनं सोडला नाही. पण घरी आली की वही माझ्यापुढं टाकते आणि म्हणते, "सरांचं काही चुकलंय का बघा." मी रात्रंदिवस शोधतोय. अजून सापडलं नाही.