धोंडूदादाचे सुखतळे

धोंडूदादा म्हणजे आमच्या गोविंदा पथकाचा पहिला थर. तसे खाली बरेच जण असतात, पण माझ्यापुरता तोच, कारण मला मिसरूड फुटल्यापासून मी त्याच्याच खांद्यांवर उभा राहत आलोय. कांदिवलीत जन्म गेला तरी घरात-दारात मालवणीच बोलणारा हा माणूस एका टॉवरच्या गेटवर वॉचमन आहे. तिथे त्याला नावानं कोणी हाक मारत नाही. दहीहंडीला पथकाचा टी-शर्ट घालून तो चाळीतून निघाला, की मात्र जानकीवहिनी नवऱ्याची दृष्ट काढायच्या. त्या एका दिवसाच्या जिवावर तो वर्ष काढायचा.

गेल्या वर्षी त्याचा घोटा दुखावला, तो धड बसलाच नाही. यंदा पहिल्याच सरावाला पाय थरथरला आणि वर आम्ही सगळे डुललो. आमच्या प्रशिक्षकानं, राजेशनं, त्याला बाजूला घेतलं. "दादा, पुढच्या रविवारी बघू. परत हललास तर यंदा नको."

नेमका तेव्हाच सुयोग मैदानाच्या कडेला टेबल मांडून बसला होता. आमच्याच गल्लीतला, जिभेवर साखर. बुटात घालायचे सोल विकतो. जुनी माणसं ज्याला सुखतळा म्हणतात तेच, फक्त निळे आणि महाग. त्यानं दादाला अनवाणी उभं केलं, हात बाजूला ताठ धरायला लावला आणि मनगट दोन बोटांनी दाबलं. हात खाली. मग बुटात सोल सरकवून परत दाबलं. हात जागचा हलेना. एका पायावर उभं करून खांद्याला धक्का दिला, तरी दादा पडला नाही.

मला हसू येत होतं. दुसऱ्या खेपेला जोर कुठून येणार हे माणसाला कळलेलं असतं, तो आधीच दात आवळून उभा राहतो. आणि दाबणाऱ्यानं किती दाबलं, हे त्याचं त्यालाच ठाऊक. पण सोलचे पैसे मोजणाऱ्या दादाचं तोंड बघितलं आणि हसू आवरलं.

आठवडाभर त्यानं चाळीला वात आणला. जो भेटेल त्याच्यापुढे हात ताठ. "दाब रे. दाब जोरात." जानकीवहिनी पोळी लाटता लाटता पिठाच्या हातानं त्याचं मनगट दाबायच्या आणि म्हणायच्या, "नाय हलत हो."

रविवारी तो बूट घालूनच आला. आमच्यात चपला मैदानाच्या कडेला काढतात, जमिनीला हात लावून कपाळाला लावतात आणि मगच थर लावतात. लहानपणापासून हे करणारा माणूस, पण थरात बूट चालणार नाहीत हे आठवडाभरात एकदाही त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. आमच्याही नाही.

"दादा, बूट," राजेश म्हणाला.

दादानं पायांकडे बघितलं. "आजच्या दिवस ऱ्हवांदे," तो हळूच म्हणाला.

"असं कसं चालेल, दादा?"

त्यानं बूट काढले. मी त्याच्या खांद्यांवर चढलो आणि उभा राहायच्या आतच माझ्या तळव्यांना ती थरथर लागली. खालून त्याचा श्वास ऐकू येत होता. राजेशनं मला उतरायला सांगितलं. मग आवाज शक्य तितका साधा ठेवून म्हणाला, "दादा, जरा चपलांवर लक्ष ठेवशील? मागच्या वेळी दोघांच्या गेल्या."

आम्ही त्याच्याशिवाय पाच थर लावले. मी दुसऱ्याच कोणाच्या तरी खांद्यांवर होतो. चांगले भक्कम खांदे होते. राग येत होता, आणि तो कोणावर काढायचा ते कळत नव्हतं.

सराव संपल्यावर चपला घ्यायला गेलो. दादा बूट घालून उभा होता. सगळे जोड त्यानं नीट ओळीनं लावले होते. मला बघून त्यानं हात बाजूला ताठ केला.

"दाब."

मी त्याचं मनगट धरलं आणि दाबल्यासारखं केलं.

"बघलंस?" तो म्हणाला. "हलता काय?"

"नाही हलत, दादा," मी म्हणालो आणि चपला घातल्या.