आमच्या जहाजाचं लिंपलेलं दार

भूत-बीत मानणाऱ्यांची मी आजवर टिंगलच केली आहे. त्यामुळे हे लिहिताना स्वतःचाच राग येतोय... तरी लिहितो.

आमची कॉलनी नगरमध्ये, सावेडीच्याही पलीकडे. फारशी कुणाला माहीत नाही. झाली तर लोक तिकीट काढून बघायला येतील. एका रिटायर्ड सुभेदारांच्या गच्चीवर सिमेंटचा रणगाडा, शेजारी विमानाच्या आकाराची पाण्याची टाकी, समोर रोमन खांबांवर राजस्थानी छत्री. मग मी मागे कसा राहणार? नळाला दिवसाआड पाणी येतं आणि मी बांधलं जहाज! पहिल्या मजल्याची गॅलरी म्हणजे रस्त्यावर झेपावलेलं जहाजाचं टोक — गोल खिडक्यांसकट.

गंगाराम मिस्त्री तेव्हाच म्हणाले होते, "सायेब, ह्याला खालून खांब पायजे. न्हाईतर यील खाली."

"जहाजाला खांब असतो का हो, मिस्त्री?" मी सगळ्या मजुरांसमोर हसलो. वर वास्तुशांतीला मिस्त्रीच्या मानाचे टॉवेल-टोपी दिले मेव्हण्याला... डिझाइन त्याचं म्हणून! मिस्त्री न जेवता निघून गेले.

गेल्या मे महिन्यात मुलीचा वाढदिवस होता. सकाळी अकराच्या लख्ख उन्हात तिच्यासह आठ पोरी फोटोसाठी गॅलरीत निघाल्या, तर दार उघडेना. दाराशेजारच्या गोल खिडकीतून पाहिलं — दाराची फट बाहेरून सिमेंटनं लिंपलेली. ओल्या सिमेंटनं! गॅलरीत जायला तेवढं एकच दार. खाली शिडी नाही, माणूस नाही.

मिस्त्रीनं डाव साधला! लगेच फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोललो.

"अवो, मी चार दिस झालं अकोल्यात हाय!" ते ओरडले. मागे काँक्रीट मिक्सरची घरघर स्पष्ट ऐकू येत होती.

मी फोन आपटला आणि दारावर लाथा घालायला लागलो. तिसऱ्या लाथेला धाडकन आवाज झाला. दार जागेवरच होतं. जहाज खाली रस्त्यावर पडलं होतं.

आठवड्यानं मिस्त्री आले. मी हात जोडणार, तेवढ्यात शिडी लावून ते वर चढले, त्या लिंपणावरून बोट फिरवलं आणि भडकलेच. "काम झ्याक हाय. दुसरा मिस्त्री लावायचा अन् शिव्या मला व्हय?"

"कुणीच लावला नाही हो!"

"मग काय, आपोआप झालं?"

मेव्हणा म्हणतो, उन्हानं दार फुगलं असेल. त्याला मी घराबाहेर काढलं. स्वतःला कुठे काढू? आठ पोरींना त्या टोकावर उभं करायला लाथा मीच घालत होतो.